स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे ‘बरे’ कोणी ठरवायचे?

भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सकाळची लोकल गाठण्यासाठी पती-पत्नी दोघेही बाहेर पडतात, त्या घरात अशा ज्येष्ठाजवळ थांबायला कोणी उरत नाही. मग खास देखभाल केंद्राचा विचार सुरू होतो आणि त्यासोबत अपराधीपणाची बोचही. केंद्र निवडताना नातेवाईक स्वच्छता, औषधे, रुग्ण बाहेर भटकणार नाही याची व्यवस्था पाहतात, ते योग्यच. पुढे मात्र प्रत्येक भेटीत एकच कसोटी लावली जाते : ‘आज मला ओळखले का?’

ही कसोटी अपुरी आहे. अमेरिकेतील संशोधक रेबेका लॉग्सडन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांचे जीवनमान जोखणारी 13 मुद्द्यांची प्रश्नावली मांडली. प्रकृती, उत्साह, मनःस्थिती, राहती जागा, कुटुंब, मित्र, पैसा अशा प्रत्येक बाबीला 1 ते 4 गुण. एकूण कमाल 52. स्मरणशक्ती हा त्यातील केवळ एक मुद्दा. रुग्ण आणि नातेवाईक यांना हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारले जातात. नातेवाइकांचे गुण सहसा रुग्णाने स्वतःला दिलेल्या गुणांपेक्षा कमी भरतात. देखभाल करणारा खिन्न वा थकलेला असेल, तर ते आणखी घसरतात. वडिलांविषयी बोलताना मुलगा थोडे स्वतःविषयीही बोलत असतो. रुग्णाला आजाराची पुरेशी जाणीव नसते, हा आक्षेप खरा. पण जेवण रुचले, गाणे आवडले, हे कळायला ती जाणीव लागत नाही.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात हेच अंतर दिसते. मुलगी हरवलेल्या संस्कृत पंडिताला शोधत असते. माहुताची बायको समोर आलेल्या म्हाताऱ्याला मायेने सांभाळते.

अर्थात, कुटुंबाचे मत त्यामुळे गौण ठरत नाही. डोंबिवलीतील आजोबा ‘घरी जायचंय’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बरेचदा सध्याची सदनिका नसते. तरुणपणी सोडलेली गिरगावातील चाळ असते. हे केंद्रातील परिचारिकेला कसे कळावे? चाळीचे नाव, शेजाऱ्यांची नावे, कोणत्या हाकेला ते ओ देतात, चहा किती गोड लागतो, हे फक्त घरच्यांनाच ठाऊक असते. केंद्रात दाखल करताना औषधांच्या फाइलसोबत ही माहितीही एका कागदावर लिहून द्यायला हवी.