सात वजा चार

गांधीजींच्या खुनाच्या कागदपत्रांत ठाण्याचे नाव येते, तेव्हा मारेकऱ्यांच्या हाती धड पिस्तूल नव्हते. २० जानेवारी १९४८ चा दिल्लीतला बेत फसला, मदनलाल पाहवा पकडला गेला, बाकीचे पांगले. २५ जानेवारीला नथुराम गोडसे, नारायण आपटे आणि विष्णू करकरे ठाण्यात एका परिचिताच्या घरी भेटले, हे निकालपत्रात आहे. स्थानकाच्या मालधक्क्यावरची अंधारातली बैठक मात्र नंतरच्या लेखकांनी सांगितलेली. ठाण्याच्या कोपरीतल्या वाचकाला ती जागा ओळखीची वाटेल, पण तेवढ्याने तिला निकालपत्राचे वजन येत नाही.

२७ जानेवारीला गोडसे-आपटे विमानाने दिल्लीला आणि त्याच रात्री आगगाडीने ग्वाल्हेरला पोहोचले. बेरेटा बनावटीचे, ६०६८२४ क्रमांकाचे पिस्तूल हाती आले ते तिथे, २८ तारखेला.

३० जानेवारीच्या गोळ्यांवर सत्तर वर्षांनंतरही वाद झाला. वैद्यकीय तपासणीत आत शिरलेल्या तीन जखमा नोंदल्या आहेत: छातीवर उजवीकडे एक, पोटावर दोन. संपूर्ण शवविच्छेदन झाले नाही, आणि शंकेला वाट मिळाली ती इथून. वृत्तपत्रांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माझा तर्क असा की, गोळी शिरल्याची खूण आणि बाहेर पडल्याची खूण यांची मोजदाद घाईत एक झाली असावी.

डॉ. पंकज फडणीस यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका करून ‘चौथी गोळी’ मांडली, तिच्यामागे एक वजाबाकी होती. पिस्तुलात सात काडतुसे मावतात, चार जिवंत सापडली, म्हणजे झाडल्या तीनच. मग बातम्यांतली चौथी दुसऱ्या कुणाची? वजाबाकी बरोबर आहे, पण युक्तिवाद चौथी जखम गृहीत धरतो, आणि ही जखम आली बातम्यांतून. शिवाय पिस्तुलात किती मावतात यावरून त्या दिवशी किती भरली होती हे ठरत नाही. सात खजिन्यात आणि एक नळीत असेही असू शकते. गोळी कोणत्या शस्त्राची, हे नळीतल्या आट्यांनी तिच्यावर उठलेले चरे आणि पुंगळीच्या बुडावरचा ठोका सांगतो. ती तुलना फिल्लौरच्या प्रयोगशाळेत झाली आणि तिथल्या तज्ज्ञाची साक्ष लाल किल्ल्यातल्या खटल्यात नोंदली गेली. न्यायालयाने नेमलेले न्यायमित्र अमरेंद्र शरण यांनी जुने दप्तर तपासून फेरतपासाला आधार नसल्याचे जानेवारी २०१८ मध्ये कळवले. २८ मार्चला याचिका फेटाळली गेली.

दप्तरातली खरी पोकळी दुसरीकडे, पिस्तूल कुणी मिळवून दिले या प्रश्नात आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. पिस्तूल मिळवून देण्याच्या आरोपावरून शिक्षा झालेले ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रेय परचुरे यांना पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये सोडले. त्यांचा कबुलीजबाब टिकला नाही. आरोपींच्या यादीत गंगाधर दंडवते, गंगाधर जाधव आणि सूर्यदेव शर्मा ही नावेही होती. तिघांपुढे शेरा एकच: फरारी.