चौपाटीवरचे विल्सन कॉलेज

मुंबई पाहायला गेलेला माणूस गिरगाव चौपाटीवर गेल्यावाचून परतत नाही. लोकमान्यांच्या पुतळ्याला नमस्कार करून रस्त्याकडे वळलं, की समोर दगडी कमानींची एक उंच इमारत दिसते. ‘विल्सन कॉलेज’ हे नाव सगळे घेतात, पण हा विल्सन कोण, असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘असेल कोणी गव्हर्नर!’

तो गव्हर्नर नव्हता, पाद्री होता. जॉन विल्सन स्कॉटलंडात १८०४ साली जन्मला आणि १८२९ साली पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस उतरला. मराठी शिकायला हे जोडपं कुठं गेलं असेल? आपल्या कोकणात, बाणकोट-हर्णैला! काही महिन्यांतच तो मराठीतून प्रवचन करू लागला. मार्गारेटबाईही मराठी शिकल्या आणि त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्या १८३५ सालीच वारल्या.

विल्सनसाहेब आला होता धर्मप्रसाराला, आणि ते त्याने कधी लपवलं नाही. १८३१ साली मोरभट दांडेकरांशी त्याचा जाहीर वाद झाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं छापून निघालं. पुढच्या वर्षी त्याने आंब्रोळीला इंग्रजी शाळा काढली. मुलाने इंग्रजी शिकावं, पण धर्म सोडू नये, अशी आईबापांची इच्छा. १८३९ साली दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले, प्रकरण कोर्टात गेलं आणि भराभर मुलं शाळेतून काढली गेली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत विल्सनचे सहकारी नेस्बिट यांच्या घरी राहिला होता. कोर्टाने तो अज्ञान म्हणून बापाच्या हवाली केला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं, असं बाळशास्त्री जांभेकरांनी ठामपणे सांगितलं, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका पोरापायी सारी मुंबई ढवळून निघाली. त्या बापाच्या जिवाला काय झालं असेल, हे ज्याला मूल आहे त्याला वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडात चर्च फुटलं. विल्सन नव्या, ‘फ्री चर्च’च्या बाजूला गेला आणि शाळेसाठी उभारलेल्या नव्या वास्तूवर त्याला पाणी सोडावं लागलं. संस्थेची घडी पुन्हा बसवावी लागली. एवढ्या खटपटीत त्याचा अभ्यास मात्र सुटला नाही. गिरनारच्या अशोकलेखाची कापडावरची नक्कल त्याने मिळवली. ती कलकत्त्याला प्रिन्सेपकडे पोचली आणि लेख वाचण्याच्या कामी आली. पुढे तो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला. १८७५ साली मुंबईतच त्याचा अंत झाला.

तोवर संस्थेला नाव होतं चर्चचं. विल्सनचं नाव तिला मागाहून मिळालं. चौपाटीवरची ही इमारत १८८९ सालची, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी झालेली. तिचा दगडही त्याने पाहिला नाही.

विल्सनचं नाव आणखी एका गोष्टीला मिळालं आहे. विद्यापीठात त्याच्या नावाने भाषाशास्त्राची व्याख्यानं सुरू झाली आणि १८७७ साली ती दिली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी. विषय होता संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषा. त्यांत, हर्णैच्या किनाऱ्यावर विल्सनसाहेब शिकला ती आपली मराठीही आलीच.