कुलाब्याची चुंबकसूची आणि विजेची ट्राम

यंत्र भलतेच आकडे दाखवू लागले म्हणजे मनुष्य प्रथम यंत्रालाच दोष देतो. परंतु दोष कित्येकदा यंत्रात नसून त्याच्या भोवताली असतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचा इतिहास याची साक्ष देतो.

तेथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित वेध घेतले जात. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरील प्रक्षोभामुळे उठलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची बहुमोल नोंद याच ठिकाणी झाली. अशा नोंदींचे सारे मोल त्यांच्या अखंडपणात असते.

पुढे मुंबईत घोड्यांऐवजी विजेने ट्राम चालविण्याचे ठरले. ट्रामची वीज रुळांवाटे परत जाताना काही अंशी जमिनीत शिरते, आणि तेवढ्याने नाजूक चुंबकसूची ढळते. यंत्र कितीही जुळविले तरी हा दोष निघणारा नव्हता. म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत जागाच बदलण्यात आली. अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. आपल्याकडील काळा पाषाण स्वतःच काहीसा चुंबकीय. सबब इमारतीस पोरबंदरी दगड वापरून लोखंड वर्ज्य केले. 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन त्यांतील अंतर निश्चित केले गेले, आणि जुन्या नोंदींचा धागा नव्या नोंदींशी जोडला गेला. 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली, तोवर हे कार्य सिद्धीस गेले होते.

भूगर्भातील पाण्याच्या पाहणीत मात्र असे स्थलांतर शक्य नसते. दोन सळयांवाटे जमिनीत वीज सोडून इतर दोन सळयांमधील विद्युद्दाब मोजतात, व त्यावरून खालच्या खडकाचे अनुमान करतात. चिखलीसारख्या, कारखाने व तारा यांनी वेढलेल्या गावी या मोजणीत परकी वीज मिसळते; पाणी तर तेथेच शोधावयाचे! तेव्हा प्रथम तारांचे सांधे तपासावे, कोरड्या मातीत सळयांपाशी मिठाचे पाणी घालावे. मग आपली वीज बंद करून काटा पाहावा. तरीही जे दिसेल ते परके जाणावे. शेवटी प्रवाह उलटा फिरवून पुन्हा मोजावे व दोहोंची सरासरी घ्यावी, म्हणजे स्थिर स्वरूपाचा परका दाब वजा होतो.

ही परीक्षा टाळली तर परक्या विजेलाच पाणी समजून विंधनविहीर खोदली जाते, आणि ती कोरडी लागल्यावर दोष मात्र पुन्हा यंत्राच्याच माथी बसतो.