चार ओळींची बातमी आणि एक पुराण

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी असते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुर्मीळ ग्रंथांचे प्रदर्शन, सर्वांना प्रवेश. १२ ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो, त्या सुमारास अशा बातम्या जरा जास्त दिसतात. पूर्वी मी त्या वाचून पान उलटत असे. हल्ली मात्र तारीख टिपून ठेवतो. याला दोन कारणे आहेत. एक आहे पुराणाचे आणि दुसरे आमच्या घरचे.

आधी पुराणाचे सांगतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. साष्टीत त्याने उभे आयुष्य काढले, इथली भाषा आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता, पण देवनागरी खिळे नव्हते. म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. पुढे १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ जगला तो हाताने केलेल्या नकलांवर. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती काढली. तेव्हा अभ्यासकांसमोर होती ती रोमन प्रतच.

आता जरा लंडनला जाऊ. विल्यम मार्सडेन हा सुमात्रावर ग्रंथ लिहिणारा विद्वान. पौर्वात्य भाषांतली पुस्तके आणि हस्तलिखिते जमवण्याचा त्याला भारी नाद. आपल्या संग्रहाची यादी त्याने १८२७ साली छापली आणि १८३५ साली तो संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला देऊन टाकला. पुढे तो लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेकडे आला. तीच आजची ‘सोआस’. या संग्रहात आदिपुराण आणि देवपुराण अशा नावांची देवनागरी हस्तलिखिते होती. नाव वाचून कोणालाही ती आपली नेहमीची पुराणे वाटावीत. १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट यांनी ती उघडली. अॅबट हे मराठी मिशनमध्ये आयुष्य घालवलेले आणि आपल्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे गृहस्थ. त्यांनी ओळखले की हे तर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण, आणि तेही देवनागरीत!

रोमन प्रतीत जिथे पोर्तुगीज किंवा लॅटिन शब्द आहेत, तिथे या प्रतीत पुष्कळदा संस्कृत वळणाचे शब्द येतात. यातली आधीची प्रत कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला वेगळ्याच गोष्टीचे नवल वाटते. हस्तलिखित हरवले नव्हते. त्याला वाळवी लागली नव्हती, ते कपाटात नीट ठेवलेले होते. तरी जवळजवळ शंभर वर्षे ते असून नसल्यासारखेच होते, कारण त्या कपाटापाशी मराठी जाणणारा, ओवी ओळखणारा वाचक पोचलाच नव्हता. आणि ओळख पटल्यावरही या प्रतीवर आधारलेली कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती यायला १९९६ साल उजाडले.

असेच पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराचे. तिथले सार्वजनिक ग्रंथालय आता मिन्हो विद्यापीठाचा भाग आहे. तिथे क्रमांक ७७१, ७७२ आणि ७७३ च्या हस्तलिखितांत रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या आपल्या रामायण-महाभारताच्या कथा आहेत, कोंकणीत आणि मराठीतही. धर्मांतराच्या काळात मूळ पोथ्या गेल्या. परक्यांनी भाषा शिकण्यासाठी केलेल्या नकला तेवढ्या राहिल्या.

आपल्याकडे याचे मोल जाणणारा माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरीतल्या पिसुर्ले गावी १८९४ साली जन्मलेल्या या विद्वानाने पणजीच्या पुराभिलेखागारात अनेक वर्षे काम केले. त्यांनी कागद नुसते सांभाळले नाहीत. कोणत्या दप्तरात काय आहे, हे सांगणारा मार्गदर्शक ग्रंथ १९५५ साली पोर्तुगीजमधून छापला. मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी धागे पोर्तुगीज कागदांत आहेत, हे त्यांच्यामुळे अभ्यासकांना उमगले. त्यांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्यांचा ग्रंथसंग्रह आज ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे? विद्यार्थी आणि प्राध्यापक सोडून देऊ. मी तुमच्या-माझ्यासारख्या वाचकांविषयी विचारतो आहे.

आता घरचे कारण. सांखळीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक लाकडी पेटी होती. तिच्यात लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या होत्या, काही देवनागरीत आणि काही मोडीत. आजोबा वारले, छप्पर उतरवायचे ठरले आणि पेटी खाली आणली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. पोथी केरात टाकू नये, पाण्यात सोडावी, ही आपली रीत. तशी ती वाळवंटीत सोडली. मी दहा वर्षांचा होतो. एक रुमाल माझ्याच हातात दिला होता. गाठ सोडून आत काय आहे हे पाहायचे मला सुचले नाही आणि मोठ्यांपैकीही कोणाला सुचले नाही. घरच्यांनी केले ते श्रद्धेने केले, त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी काय वाहून गेले, हे आता कधीच कळणार नाही.

म्हणून त्या चार ओळींच्या बातमीचे मला मोल वाटते. ग्रंथालयाने त्या बातम्या जरूर द्याव्यात. नुसत्या वर्तमानपत्रात देऊन थांबू नये, गावच्या शाळेत, देवळाच्या सभामंडपात, वाचनालयाच्या फळ्यावर त्या पोचवाव्यात. पोथी कशी हाताळावी, तिची छायाचित्रे कशी काढावीत, हे सांगायला वर्षातून एकदा कोणी गावात आले तरी पुष्कळ होईल. आणि आपण? आपल्या माडीवर अजून एखादी पेटी असेल, तर पावसाआधी ती खाली आणावी, गाठ हलक्या हाताने सोडावी आणि कोणा जाणत्याला दाखवावी. पाण्यात सोडायचेच असेल तर ते त्यानंतरही सोडता येते.