डॉक्टरांचा कोट पांढरा कसा झाला?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात टॉमस ईकिन्स नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याने शस्त्रक्रियेची दोन भव्य चित्रे रंगवली, एक १८७५ साली आणि दुसरे १८८९ साली. पहिल्या चित्रात डॉ. सॅम्युएल ग्रॉस एका तरुणाच्या मांडीतले सडलेले हाड काढत आहेत. अंगात लांब काळा कोट, हातात सुरी, बोटे रक्ताने माखलेली. मदतनीसही रोजच्याच काळ्या कपड्यांत आहेत. दुसऱ्या चित्रात डॉ. हेज अ‍ॅग्न्यू आणि त्यांचे सहायक स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत उभे आहेत, आणि शेजारी परिचारिका आहे. हातमोजे मात्र या चित्रातही कोणाच्या हातात दिसत नाहीत.

शहर एकच, अंतर फक्त चौदा वर्षांचे. एवढ्यात काय घडले?

काळा कोट हा त्या काळच्या प्रतिष्ठित माणसाचा पोशाख. लग्नाला, प्रार्थनेला, अंत्ययात्रेला जाताना जो वेश करायचा, तोच रोग्याकडे जाताना. शस्त्रक्रियेसाठी तर अनेक डॉक्टर मुद्दाम जुना कोट ठेवत. त्यावर रक्ताचे आणि पुवाचे थर चढत, आणि त्याची लाज वाटण्याऐवजी अनुभवाची खूण म्हणून तो मिरवला जाई. आज अंगावर काटा येतो. पण रोगजंतूंची कल्पनाच नसेल तर मळका कोट घातक का मानावा?

ही कल्पना सहज रुजली नाही. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. तरी बहुतेकांनी त्यांचे ऐकले नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिडची जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली. १८७६ मध्ये ते स्वतः फिलाडेल्फियाला आले आणि वैद्यकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ती समजावून सांगितली. त्या परिषदेचे अध्यक्ष होते हेच डॉ. ग्रॉस. त्यांचा काही तिच्यावर विश्वास बसला नाही. पुढे १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा डॉक्टरांनी न धुतलेली बोटे जखमेत घालून ती शोधली. जखम चिघळत गेली आणि अडीच महिन्यांनी गारफील्ड वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या सल्लागारांत अ‍ॅग्न्यू होते. दुसऱ्या चित्रातला पांढरा रंग पाहताना हे आठवावे.

या दोन चित्रांच्या मधल्या काळात आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यक शिकत होत्या. त्या १८८३ मध्ये तिथे गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली. १८८५ चे त्यांचे छायाचित्र अनेक शिक्षकांनी पाहिले असेल. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची विद्यार्थिनी किमोनोत आणि तिसरी सीरियाची, तीही आपल्या देशाच्या वेशात. पांढरा कोट कुणाच्याच अंगावर नाही. डॉक्टर होणाऱ्याने तो घालावा, ही अपेक्षा अजून जन्मायची होती.

हा कोट मुळात प्रयोगशाळेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैज्ञानिकांची पत वाढली होती, आणि गंडेदोरे व रामबाण औषधे विकणाऱ्यांच्या गर्दीत डॉक्टरांची पत घसरलेली होती. मग डॉक्टरांनी वैज्ञानिकांचा अंगरखा उचलला. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हा फायदा होताच. पण ‘आम्ही विज्ञानाने चालतो’ हे न बोलता सांगण्याची सोयही त्यात होती. आमच्या मते कोट टिकला तो या दुसऱ्या कारणाने. शस्त्रक्रियागृहात, जिथे स्वच्छता सर्वांत महत्त्वाची, तिथला पांढरा रंग तर पुढे मागे पडला. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये तिथे पालकासारखा हिरवा रंग आणला. प्रखर दिव्याखाली पांढरे कापड डोळे दिपवते, आणि रक्ताच्या लाल रंगाला हिरवा पूरक. वर्गात हे करून पाहता येईल: लाल कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहायचे आणि मग पांढऱ्या भिंतीकडे. हिरवट-निळसर ठिपका तरंगताना दिसतो. हिरव्या कापडावर असा ठिपका फारसा जाणवत नाही.

आता रुग्णाकडे वळू. कोटाने त्याचा विश्वास वाढतो का? इटलीतील जुझेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ४८ रुग्णांच्या धमनीत नळी ठेवून रक्तदाब सतत नोंदवला. डॉक्टर रक्तदाब मोजायला आले की वरचा दाब सरासरी सुमारे २७ मिलिमीटरने चढे. अशा वाढीला पुढे ‘पांढऱ्या कोटाचा परिणाम’ म्हणू लागले. बिचाऱ्या कोटावर हा थोडा अन्यायच, कारण दाब चढवणारे होते डॉक्टरांचे येणे.

मग रुग्णांनाच विचारले तर? अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांत चार हजारांहून अधिक रुग्णांना निरनिराळ्या वेशांतल्या डॉक्टरांची छायाचित्रे दाखवली गेली. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक जणांनी वेश महत्त्वाचा असल्याचे सांगितले, आणि ३६ टक्क्यांनी उपचाराबद्दलच्या समाधानावर त्याचा परिणाम होतो असे म्हटले. सर्वाधिक पसंती औपचारिक कपडे आणि वर पांढरा कोट यांना मिळाली.

पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेगळीच वाट धरली होती. स्त्रीरोग व प्रसूती विभागातल्या वीस डॉक्टरांना कोणत्या आठवड्यात काय घालायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवून दिले: कधी औपचारिक कपडे, कधी साधे, कधी शस्त्रक्रियागृहातले. तपासून बाहेर आलेल्या अकराशेवर स्त्रियांकडून प्रश्नावली भरून घेतली. तिन्ही वेशांत समाधान सारखेच, आणि भरपूर.

पहिल्या पाहणीत रुग्णासमोर छायाचित्र होते, दुसरीत डॉक्टर. छायाचित्र बोलत नाही, दुखणे ऐकून घेत नाही. त्याच्याजवळ कपड्यांखेरीज पाहण्यासारखे दुसरे काय असते? अर्थात प्रयोग एकाच विभागातला आणि फक्त स्त्रियांचा. मध्यरात्री अपघात विभागात प्रथमच भेटणाऱ्या डॉक्टरबाबत तो काही सांगत नाही. ब्रिटनने मात्र २००७ मध्येच जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम जाहीर केला, आणि तिथल्या सरकारी रुग्णालयांतून लांब बाह्यांचा पांढरा कोट हद्दपार झाला.