वर्षानुवर्षं जाम पडलेलं बोटीचं इंजिन पुन्हा कसं सुरू करतात? अमेरिकेतल्या ‘ॲटॉमिक फोर’ची गोष्ट

अमेरिकेत जुन्या शिडाच्या बोटी कधीकधी अगदी मातीमोल भावात मिळतात. फायबरग्लासचा सांगाडा पन्नास वर्षांनंतरही धडधाकट असतो, शिडं आणि डोलकाठी जागेवर असते. पण जाहिरातीच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं, ‘इंजिन जाम आहे’.

या एका वाक्यामुळे बोटीची किंमत कोसळते. नवीन डिझेल इंजिन विकत घेऊन बसवायचं, तर अनेकदा बोटीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. त्यामुळे कितीतरी चांगल्या बोटी फक्त इंजिनापायी भंगारात जातात. काही हौशी मंडळी मात्र नेमकी अशीच बोट शोधतात आणि गंजलेलं इंजिन सुट्टीच्या दिवसांत घरच्या घरी जिवंत करतात.

हे काम नेमकं कसं चालतं? इंजिन जाम होतं म्हणजे काय होतं? आणि ते सोडवताना कुठे चुकतं?

इनबोर्ड म्हणजे काय?

बोटीच्या मागे बाहेर लटकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड. ते काढून घरी नेता येतं. इनबोर्ड इंजिन बोटीच्या पोटात बसवलेलं असतं. त्यातून निघालेला दांडा बोटीच्या तळातून बाहेर जातो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असा प्रश्न पडू शकतो. वारा पडला, बंदरात शिरायचं असलं किंवा बोट प्रवाहाबरोबर खडकाकडे वाहू लागली, तर इंजिनच कामाला येतं. ते ऐनवेळी सुरू झालं नाही, तर जिवावर बेतू शकतं.

‘ॲटॉमिक फोर’ एवढं प्रसिद्ध का?

विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावच्या युनिव्हर्सल मोटर कंपनीने १९४७ मध्ये हे इंजिन बाजारात आणलं. याच कंपनीची आधीची इंजिनं दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या लाइफबोटींमध्ये वापरली गेली होती. नावात ‘अणू’ असला तरी अणुशक्तीशी त्याचा काही संबंध नाही. हे चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन आहे. आकारमान साधारण १,०५० सीसी, ताकद कमाल ३० अश्वशक्ती आणि वजन दीडशे किलोच्या आसपास.

१९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अशी सुमारे ४० हजार इंजिनं बनली. कॅटालिना, पिअर्सन, टार्टन अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या बोटींमध्ये ती बसली. त्यातली बरीच आजही चालतात आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. म्हणूनच इंजिन दुरुस्तीचा श्रीगणेशा करणाऱ्यांना हे इंजिन सोयीचं पडतं.

त्याची रचनाही सोपी आहे. यात व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर नसून बाजूला असतात. त्यामुळे एखादा व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकला, तरी इंजिन फिरवताना पिस्टन त्यावर आपटत नाही. जाम इंजिन सोडवताना ही मोठी सोय ठरते.

जाम होण्याचे तीन प्रकार

‘इंजिन जाम आहे’ या एका वाक्यामागे तीन वेगळे आजार असू शकतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा आहे.

पहिला गंजाचा. इंजिन बंद होतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून दमट, खारी हवा आत शिरते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना टेकलेल्या असतात. लोखंड गंजलं की फुगतं, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. मग रिंगा भिंतीला चिकटतात. अनेकदा चारपैकी एकच सिलिंडर असा धरलेला असतो, पण तेवढ्याने अख्खं इंजिन थांबतं.

दुसरा पाण्याचा. सिलिंडरमध्ये पाणी भरलं, तर पिस्टन वर जाऊ शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारत राहिलं, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तिसरा उष्णतेचा. ऑइल संपलं किंवा थंड करणारं पाणी बंद झालं, तर इंजिन तापून चालता चालताच धरतं. इथे धातूवर धातू घासलेला असतो. नुसतं तेल ओतून हे इंजिन सुटत नाही. ते पूर्ण खोलावं लागतं आणि बहुतेक वेळा बोअरिंग किंवा क्रँक घासण्यासाठी लेथवाल्याकडे न्यावं लागतं.

म्हणून सर्वात आधी विचारायचं, की इंजिन बंद कसं पडलं? चालता चालता थांबलं, की चांगलं चालत होतं आणि नंतर नुसतं उभं राहून धरलं? उभं राहून धरलं असेल, तर आशा बरीच असते.

आधी खात्री, मग तेल

इंजिन फिरत नाही म्हणजे पिस्टनच जाम आहेत असं नाही. कधीकधी स्टार्टरचा गिअर फ्लायव्हीलच्या दातांत अडकलेला असतो. कधी पाण्याचा पंप धरलेला असतो. म्हणून आधी गिअर न्यूट्रलला घेतात, पट्टा काढतात, स्टार्टर उतरवतात आणि मग हाताने फिरवून बघतात.

त्यानंतर ऑइलची पट्टी काढून बघतात. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर आत पाणी गेलं आहे. चारही स्पार्क प्लग काढले की त्यांच्यावरूनही अंदाज येतो. ज्या प्लगवर तांबूस गंज, तिथल्या सिलिंडरवर पहिला संशय.

मग प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंजात मुरणारं तेल सोडतात. अमेरिकेत ‘मार्व्हल मिस्टरी ऑइल’ हे नाव यासाठी घराघरात माहीत आहे. काही जण ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं पातळ ऑइल समप्रमाणात वापरतात. मात्र ॲसिटोन लगेच पेट घेतं आणि पेटणारी वाफ बोटीच्या बंद पोटात साठते, त्यामुळे हे काम हवेशीर जागीच करावं लागतं.

आता वाट बघायची. एक दिवस नाही, आठवडा, दोन आठवडे, प्रसंगी महिना. दर एक-दोन दिवसांनी तेल वाढवायचं आणि क्रँकशाफ्टला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे असा हलका जोर द्यायचा. उद्देश इंजिन फिरवण्याचा नसतो, तेलाला आत शिरायला फट मिळवून देण्याचा असतो. एके दिवशी पाना केसभर हलतो. तेवढं हललं की अर्धी लढाई जिंकली.

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पान्याला लांब पाइप लावून दोघांनी लोंबकळायचं, किंवा स्टार्टरला थेट बॅटरी जोडून झटके द्यायचे. मग रिंगा मोडतात, पिस्टनला चीर जाते, फ्लायव्हीलचे दात तुटतात. गंजाने धरलेलं इंजिन वाचवता आलं असतं, पण घाईने मोडलेलं इंजिन भंगारात जातं.

तरीही सुटलं नाही तर?

मग हेड खोलावं लागतं. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या इंजिनाचे स्टड गंजून पातळ झालेले असतात आणि खोलताना तुटतात. म्हणून इथेही तेल, थोडी उष्णता आणि सबुरी.

हेड निघालं की कुठल्या पिस्टनने धरलं आहे ते डोळ्यांना दिसतं. पिस्टनच्या वरचा उघडा गंज बारीक पॉलिश पेपरने काढतात. मग बोअरपेक्षा किंचित लहान असा कठीण लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हातोडीने हलके ठोके देतात. लोखंडी हातोडी थेट पिस्टनवर कधीच मारत नाहीत.

पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल, तर ठोकून उपयोग नसतो. तेव्हा कनेक्टिंग रॉड क्रँकच्या सरळ रेषेत असतो आणि सगळा मार बेअरिंगवर बसतो. पिस्टन मधल्या अंतरावर असेल, तरच ठोक्याची ताकद क्रँक फिरवायला लागते.

सुटलं! पण स्टार्टर मारू नका

इंजिन हाताने फिरू लागलं की लगेच सुरू करण्याचा मोह होतो. पण सिलिंडरमध्ये अजून तेल साठलेलं असतं आणि तेलही पाण्यासारखंच दाबलं जात नाही. म्हणून प्लग काढलेले ठेवूनच इंजिन फिरवतात आणि तेल बाहेर उडू देतात. नंतर ऑइल बदलतात, चिकटलेले व्हॉल्व्ह तेल लावून मोकळे करतात, कार्बोरेटर साफ करतात आणि टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकतात.

यानंतर कम्प्रेशन मोजतात. ‘ॲटॉमिक फोर’मध्ये ते १०० पीएसआयच्या आसपास असेल, तर चांगलं. पण आकड्यापेक्षाही चारही सिलिंडर जवळपास सारखे असणं महत्त्वाचं. एखाद्यात फारच कमी आलं, तर रिंग तुटली आहे किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कधीकधी काही तास चालल्यावर रिंगा मोकळ्या होऊन कम्प्रेशन वाढतंही.

खरा प्रश्न: पाणी आलं कुठून?

सुटलेलं इंजिन पुन्हा जाम होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्यांदा पाणी आत कसं गेलं, हे कोणी शोधलेलंच नसतं.

बोटीचं इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि काम झालं की ते धुराच्या पाइपमध्ये सोडतात. पुढे ते सायलेन्सरच्या डब्यात जमतं आणि इंजिनाच्या धुराचा जोर त्याला बाहेर ढकलतो.

आता समजा, इंजिन सुरूच होत नाही आणि बोटवाला स्टार्टर मारतोय. पंप फिरतोय, पाणी येतंय, पण धूर नाही. मग पाणी बाहेर ढकलणार कोण? डबा भरतो, पाणी उलटं चढतं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू करण्याच्या धडपडीतच ते बुडतं.

यावर उपाय फुकटचा आहे. इंजिन पटकन सुरू होत नसेल, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून स्टार्टर मारायचा आणि इंजिन सुरू होताच कॉक उघडायचा.

याशिवाय हेड गॅस्केट फुटलं असेल, धुराचा मॅनिफोल्ड आतून गंजून भोक पडलं असेल, किंवा इंजिन पाण्याच्या पातळीखाली असून पाइपला सायफन तोडणारा व्हॉल्व्ह नसेल, तरी पाणी येतं. ही तिन्ही ठिकाणं तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं जाणकार मानत नाहीत.

पेट्रोलचा धोका

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीखाली ती निघून जाते, बोटीत मात्र तळाच्या पोकळीत साठून राहते. एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत पेट्रोल इनबोर्ड सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवून तळाची हवा बाहेर काढायची आणि वास घेऊन बघायचा, अशी सूचना बोटीवरच लावलेली असते. कार्बोरेटरवर आगीची झळ अडवणारी जाळी तिथल्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

स्टार्टर किंवा अल्टरनेटर गाडीचा स्वस्त मिळाला, तरी तो इथे बसवायचा नसतो. बोटीसाठी बनवलेल्या भागांत ठिणगी बाहेर येणार नाही अशी सोय असते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

कोकणातल्या बोटींनाही हेच लागू

महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बोटींमध्ये डिझेल इनबोर्ड इंजिनं असतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि इंजिनं दमट, खाऱ्या हवेत उभी असतात. गंज इथेही त्याच वाटेने येतो. डिझेलला स्पार्क प्लग नसतात, त्यामुळे जाम झालं तर तेल इंजेक्टर काढून त्या भोकातून सोडावं लागतं. पण त्यापेक्षा सोपं म्हणजे बंदीआधी ताजं ऑइल भरणं, आतलं खारं पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढणं आणि अधूनमधून इंजिन हाताने थोडं फिरवून ठेवणं.

इंजिनाने नुकतंच खारं पाणी प्यायलं असेल, तर मात्र एक दिवसही थांबायचं नसतं. पाणी काढून, ऑइल दोन-तीनदा बदलून, ते त्याच दिवशी चालवून गरम केलं तर वाचतं. आठवड्याने बघू म्हटलं, तर तोच आठवडा पुढे महिनाभर तेल ओतायला लावतो.