हे नाव कोणी मागितलं?

१९७६ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ वाया गेली. ‘याक’ हे पार्सर घडवणारं साधन लिहिणारे ते हेच जॉन्सन. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती, जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जात होती आणि बरोबर असलेल्या कोडमध्ये ते चूक शोधत बसले होते. हे गाऱ्हाणं घेऊन ते स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे आले. फेल्डमन आदल्या संध्याकाळी नेमके तशाच प्रकारात अडकले होते. दोघांचं बोलणं झालं आणि त्या शनिवार-रविवारी फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिलं.

ही हकीकत बरेच जण सांगतात, पण तिचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग सहसा गळतो. फेल्डमन यांच्या डोक्यात आधी होता तो एक मोठा डिपेंडन्सी विश्लेषक: कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे हे स्वतःहून हुडकणारा. तो बेत आटत आटत साधा झाला आणि त्यातून मेक उरलं. मेक अवलंबनं शोधत नाही. ती माणसानं मेकफाइलमध्ये लिहून द्यायची. मेक फक्त फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि जे शिळं झालं तेवढं पुन्हा करतं. शोधण्याचं काम त्या शनिवार-रविवारी बाजूला राहिलं. मी बिल्ड टूल्ससाठी प्लगइन लिहिते, आणि माझं बहुतेक काम म्हणजे त्या बाजूला राहिलेल्या कामाचाच एक तुकडा आहे.

हातानं लिहिलेली यादी कधी ना कधी खोटी पडतेच. एका हेडर फाइलनं दुसरी आत ओढली आणि ती मेकफाइलमध्ये लिहायची राहिली, की जॉन्सन यांची सकाळ पुन्हा उजाडली. म्हणून एक्स विंडोच्या मंडळींनी ‘मेकडिपेंड’ वापरात आणलं, आणि जीसीसी कंपायलरला ‘वजा एम’ हा पर्याय मिळाला: कंपायलर स्वतः फाइल वाचतो आणि तिनं काय काय आत घेतलं ते मेकला कळेल अशा भाषेत छापून देतो. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. नाव कुठे पोचतं हे ज्याला पोचवायचंच आहे त्याला विचारलं; दुसऱ्या कुणी अंदाज बांधला नाही.

तोवर नाव म्हणजे फाइल, इतकंच होतं. हेडरसाठी फोल्डरांची एक रांग द्यायची, पहिली सापडेल ती खरी. जावाच्या जगात ‘अँट’ हे बिल्ड टूल आलं तेव्हाही प्रकल्पात ‘लिब’ नावाचं फोल्डर असे आणि त्यात लागणाऱ्या सगळ्या जार फाइली कुणीतरी हातानं आणून टाकलेल्या असत. मेव्हननं हे मोडलं. २००५ मध्ये मेव्हन २ आलं तेव्हा प्रत्येक लायब्ररीला गट, नाव आणि आवृत्ती असा तिहेरी पत्ता होता, आणि त्या लायब्ररीच्या डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीही आपोआप उतरवल्या जात होत्या. मग एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दोन वाटांनी आल्या तर? मेव्हन म्हणतं, डिपेंडन्सींच्या झाडात आपल्या प्रकल्पाला जी जवळची तीच. पुढे आलेलं ग्रेडल एरवी सर्वांत वरची आवृत्ती घेतं. तीच जाहीर केलेली यादी, दोन साधनं, दोन उत्तरं. मेव्हनसाठी प्लगइन लिहिणाऱ्यानं हा निवाडा स्वतः करायचा नसतो. मला डिपेंडन्सी सोडवून हव्यात, अमुक टप्प्यापर्यंतच्या, एवढं तो प्लगइनमध्ये जाहीर करतो आणि त्याचं काम सुरू होण्याआधी मेव्हन उत्तर तयार ठेवतं.

खरी गुंतागुंत जावास्क्रिप्टमध्ये आली. २००९ मध्ये रायन डाल यांनी ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणलं, पाठोपाठ आयझॅक श्लूटर यांचं एनपीएम हे पॅकेज मॅनेजर आलं, आणि नाव शोधण्याची एक नवी रीत रुळली. एका फाइलनं नुसत्या नावानं मॉड्युल मागितलं, की नोड आधी त्या फाइलशेजारच्या ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डरात बघतं. तिथे नसेल तर एक पायरी वरच्या, मग त्याच्याही वरच्या, थेट मुळापर्यंत. आपल्या घरात नाही तर बापाच्या घरी, तिथेही नाही तर आजोबांच्या, असं ते चढत जातं. यामुळे एक गोष्ट कायमची बदलली: उत्तर आता नुसत्या नावावर ठरत नाही, ते नाव कोणत्या फाइलीनं घेतलं यावरही ठरतं. एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच नावानं, दोन फाइलींना दोन वेगळी मॉड्युल्स मिळू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. मेव्हनमध्ये ज्यावरून भांडण होतं, ते इथे दोघांनाही आपापली आवृत्ती देऊन मिटतं. डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत नोडबद्दल ज्या गोष्टींची खंत सांगितली त्यांत नोड_मॉड्यूल्स होतं, आणि फाइलीच्या नावाचा शेपटा (एक्स्टेन्शन) न लिहिता मॉड्युल मागू देणंही होतं. दुसरी खंत मला पूर्ण पटते. शेपटा नसला की साधनाला एकेक शक्यता तपासावी लागते, आणि पुढच्या प्रत्येक बंडलरला, म्हणजे मॉड्युल्स एकत्र बांधून देणाऱ्या साधनाला, ती यादी वारशात मिळाली.

बंडलरांनी ही रीत ब्राउझरपर्यंत नेली. टोबियास कोपर्स यांचं वेबपॅक २०१२ चं. त्यानं नाव सोडवण्याचं यंत्र वेगळ्या पॅकेजात काढलं आणि त्या यंत्राच्या टप्प्याटप्प्यावर प्लगइनला शिरायला जागा ठेवली. २०१५ मध्ये रिच हॅरिस यांनी रोलअप लिहिलं. रोलअपला नोडची ती वर चढत जाण्याची रीत मुळातून येतच नाही. ती हवी असेल तर तीसुद्धा एक प्लगइन म्हणून जोडायची. फेल्डमन यांनी माणसावर सोडलेलं, मेव्हननं स्वतःकडे ठेवलेलं काम इथे उघड्यावर आलं आणि कोणीही त्यात हात घालू शकला.

रोलअपनं प्लगइनला शिरायला ठेवलेल्या या जागेचं, म्हणजे हुकचं, नाव ‘रिझॉल्व्हआयडी’. त्याला मुख्यतः दोन गोष्टी मिळतात: काय मागितलं आणि कोणत्या फाइलीनं मागितलं. प्लगइन रांगेत उभे असतात. ज्याला उत्तर माहीत आहे तो देतो, नसेल तो ‘नल’ परत करून पुढच्याकडे सोडतो, आणि पहिलं मिळालेलं उत्तर अंतिम. डिस्कवर अस्तित्वातच नसलेलं, प्लगइननं जागेवर रचलेलं मॉड्युल असेल तर त्याच्या ओळखीच्या आधी शून्य-अक्षर लावायचा संकेत आहे, म्हणजे इतर प्लगइन त्याला हात लावत नाहीत. मला नाव थोडं बदलून पुन्हा सगळ्या रांगेला विचारायचं असेल तर त्यासाठी ‘धिस डॉट रिझॉल्व्ह’ आहे. त्यात एक सापळा होता: रांग पुन्हा माझ्यापर्यंत यायची आणि मी पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. ‘स्वतःला वगळ’ हा पर्याय हातानं द्यावा लागे. २०२३ च्या रोलअप ४ पासून तो आपोआप लागू असतो. २०२० मध्ये आलेल्या एव्हन यू यांच्या व्हीट या बिल्ड टूलनं दुसऱ्या आवृत्तीत रोलअपचीच प्लगइनची पद्धत उचलली, म्हणून माझे हुक आज दोन्हीकडे चालतात.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. २०१८ मध्ये यार्न या पॅकेज मॅनेजरनं अशी सोय आणली की नोड_मॉड्यूल्स फोल्डर बनवायचंच नाही. कोणाला कोणतं पॅकेज मिळावं याचा तक्ता एका फाइलीत ठेवायचा. पीएनपीएम हे दुसरं पॅकेज मॅनेजर फोल्डर बनवतं, पण आत सिमलिंक असतात, आणि प्रकल्पानं जे जाहीर केलं, एरवी तेवढंच त्याच्या कोडला दिसतं. पाठोपाठ नोडनं पॅकेजच्या वर्णनात ‘एक्स्पोर्ट्स’ हा रकाना आणला: तेच नाव ‘इम्पोर्ट’नं मागितलं तर एक फाइल, ‘रिक्वायर’नं मागितलं तर दुसरी, ब्राउझरसाठी तिसरी. कोण मागतं याच्या जोडीला कसं मागतं हेही आलं. या प्रत्येक वळणावर तेच प्लगइन कोसळले ज्यांनी ‘नोड_मॉड्यूल्स’ हा शब्द आपल्या कोडमध्ये लिहून पाथ स्वतः जोडला होता. ज्यांनी मागणाऱ्याचं नाव सोबत देऊन टूललाच विचारलं ते तरले. तरुण सहकारी मला सांगतात की स्वतः पाथ जोडला की कोड लहान होतो. होतो खरा. पण तो नियमाची आजची नक्कल असतो, आणि नियम दर काही वर्षांनी हलत आला आहे.

आमच्या मराठी नोकऱ्यांच्या संकेतस्थळासाठी मी जो प्लगइन सांभाळते त्यात मराठी नावांच्या मजकूर-फाइली मॉड्युल म्हणून मागता येतात. त्यातली एक ‘नोकऱ्या’. या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शिवाय ‘ऱ’ हे एकसंध अक्षर असू शकतं किंवा र अधिक नुक्ता. मॅकची जुनी एचएफएस प्लस मांडणी फाइलींची यादी देताना हे दुसरं, फोडलेलं रूप देते, आणि गिटमध्ये त्यासाठी एकसंध रूप परत करणारी खास सोय आहे. लिनक्सला मात्र ही सगळी वेगवेगळी नावं. युनिकोडच्या प्रमाणीकरणानं नुक्त्याचा प्रश्न सुटतो, जोडकाचा सुटत नाही. तो नियम मराठी लिहिणाऱ्यालाच लिहावा लागतो.

म्हणून आमच्या रेपॉझिटरीत नावांचं एकच रूप चालतं, ‘ऱ’ आणि हलन्ताचं, आणि प्लगइन एवढंच करतो: आलेलं नाव प्रमाणित करायचं, जोडकाचं रूप बदलायचं, आणि नवं नाव, मागणाऱ्या फाइलीसकट, उरलेल्या रांगेला विचारायचं. डिस्कला तो हात लावत नाही. उत्तर नाही आलं तर त्रुटीच्या संदेशात मागितलेल्या नावातली प्रत्येक युनिकोड संख्या छापतो, आणि तिच्याखाली मागणाऱ्या फाइलीचा पूर्ण पाथ.